अभिप्रायाची वही

माझा नातू गाणे ऐकतो आणि लगेच त्याला चांदण्या देतो. मोबाइलच्या काचेवर पाच चांदण्या मांडलेल्या असतात. गाणे आवडले तर पाचही पेटवायच्या, नाही आवडले तर एक-दोन पेटवून पुढे जायचे. परवा तर त्याने गाणे अर्धेही ऐकले नव्हते. मी म्हटले, "अरे, संपू तर दे." तो म्हणाला, "आजी, लगेच कळतं."

मला हसू आले. गाण्याच्या निमित्ताने गुण देण्याची चाल आमच्या घराण्यात जुनीच आहे. फरक इतकाच, की माझे आजोबा गाण्याला गुण देत नसत, ऐकणाऱ्याला देत.

आजोबा म्हणजे आईचे वडील. आजोळ खालापूरचे. हल्ली खालापूर म्हटले की लोकांना द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आठवतो आणि तिथे किती वेळ खोळंबा झाला याच्या कहाण्या सुरू होतात. माझ्या लहानपणी खालापूरला येण्यासाठी खोळंबा मुद्दाम करावा लागे. आम्ही राहत असू कर्जतला, रेल्वेच्या चाळीत. वडील मालगाडीवर गार्ड होते. कर्जतहून खोपोलीची छोटी गाडी पकडायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत ती खोपोलीला टेकली, की मग एस.टी. मिळाली तर एस.टी., नाही तर आजोबांनी धाडलेली बैलगाडी. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ पासून चाललेले. तिथली वीज डोंगर-खाड्या ओलांडून मुंबईच्या गिरण्या फिरवीत होती. पण त्या वीजघरापासून दोन-तीन कोसांवर असलेल्या आजोळच्या ओटीवर माझ्या लहानपणी कंदीलच लागत असे. आजोबा म्हणत, "आमच्या दारावरून वीज जाते, पण ती पाहुणी मुंबईची."

तर अशा त्या कंदिलाच्या उजेडात १९३३ साली आजोबांनी फोनो आणला. ते शाळामास्तर. मास्तरांच्या पगारात फोनो म्हणजे चैनीची हद्द. आजीने पुढे पाच वर्षे त्या खर्चाचा उल्लेख चुकू दिला नाही. पेटीतला फोनो, हाताने किल्ली द्यायची, दर तबकडीला सुई बदलायची. आणि पेटीबरोबर तबकड्या किती? तीन. दोन नाटकांतल्या पदांच्या होत्या. त्या काळी फोनो म्हणजे नाट्यपदे हे ठरलेलेच होते. तिसरी मुंबईच्या दुकानदाराने, "मास्तर, ही नवी आहे, सगळे हीच नेताहेत," असे सांगून गळ्यात मारलेली.

ती तबकडी जी. एन. जोशी यांची पहिलीच तबकडी होती, 'रानारानांत गेली बाई शीळ'. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने ती १९३२ साली काढली. कविता मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची. चाल जोशींची आणि गळाही जोशींचाच. मराठी भावगीताचा आरंभ याच तबकडीपासून धरतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आजोबांना तेव्हा ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना एवढेच समजले होते, की कवी आणि गायक दोघेही कायदा शिकलेले आहेत. "दोन वकील एकत्र आले आणि भांडण न होता गाणं झालं," असे ते येईल त्याला सांगत.

फोनो आल्याचा बोभाटा दोन दिवसांत झाला आणि संध्याकाळी ओटीवर माणसे मावेनात. आजी चहा करून थकली. तेव्हा आजोबांनी मास्तरी तोडगा काढला. शाळेच्या हजेरीपटासारखी एक लांब वही शिवली, तिच्यावर ठळक अक्षरात 'अभिप्रायाची वही' असे लिहिले आणि ओटीच्या खुंटीला दोरीने टांगली. नियम असा: ऐकणे फुकट, पण उठण्यापूर्वी अभिप्राय दिलाच पाहिजे. लिहिता येत असेल त्याने स्वतः लिहावा. येत नसेल त्याने सांगावा, आजोबा जसाच्या तसा उतरवून घेतील. आणि रात्री सगळी माणसे गेल्यावर आजोबा तांबड्या शाईची दौत उघडत आणि प्रत्येक अभिप्रायाला दहापैकी गुण देत.

ती वही आज माझ्याकडे आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण अक्षर शाबूत आहे. मी ती दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी काढते आणि दर वर्षी साफसफाई तिथेच थांबते.

पहिला अभिप्राय गावच्या वैद्यांचा: 'कफप्रकृतीच्या माणसाने हे गाणे सायंकाळनंतर ऐकू नये.' गुण चार. कीर्तनकारबुवांनी लिहिले आहे, 'आवाज गोड. देवाचे नाव एकदाही नाही.' गुण पाच. निवृत्त तलाठ्यांनी विचारले आहे, 'हे रान कोणाच्या मालकीचे, याचा कवितेत खुलासा नाही.' गुण दोन, आणि पुढे तांबड्या शाईत 'प्रश्न विषयाला सोडून' असा शेरा. पोस्टमास्तरांनी नुसते 'ऐकले' असे लिहून खाली पोस्टाचा तारखेचा शिक्का मारला आहे. त्यांना आजोबांनी सहा दिले आहेत. का, ते कळत नाही. बहुधा शिक्का सुबक उठला म्हणून.

शाळेतल्या एका मुलाने लिहिले आहे, 'मला कुत्रा आवडला.' तबकडीच्या मध्यावरच्या चित्रातला, कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला. गुण सात. तांदळाचे व्यापारी असलेले एक खानसाहेब ओटीवर येत. त्यांचा अभिप्राय दोनच शब्दांचा आहे: 'पुन्हा लावा.' त्याला आठ गुण आहेत आणि खाली आजोबांची टीप, 'दोनदा लावली. एक सुई खर्च.' माझ्या मते साऱ्या वहीत याहून चोख रसग्रहण नाही. पुढे मी छापील परीक्षणे पुष्कळ वाचली, पण हे दोन शब्द सरळ लिहिण्याचे धैर्य फार थोड्यांत दिसले.

सर्वांत लांब अभिप्राय खोपोलीहून मुद्दाम आलेल्या एका नाट्यगीतभक्तांचा आहे. पाऊण पान. त्यांची तक्रार अशी, की गाणे सुरू होते आणि संपते, मध्ये गवई काही करतच नाही! तान नाही, आलापी नाही, पलटा नाही. 'तीन मिनिटे गवई नुसता सांगतो आहे. सांगायला गवई कशाला पाहिजे?' आजोबांनी तीन गुण दिले आहेत. पण मला वाटते, या गृहस्थांनी नेमके तेच टिपले जे त्या तबकडीत नवे होते. फक्त त्यांना ते दोष वाटले. गवई सांगू लागला होता. रंगभूमीवरच्या राजाने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज बाजूला ठेवून, शेजारी बसलेल्या एका माणसाशी बोलावे तसा तो गात होता. ज्याला आयुष्यभर शेवटच्या रांगेतून ऐकायची सवय, त्याला आपल्याशी कोणी बोलू लागले तर अवघडल्यासारखे होणारच.

आणि पहिल्या तबकडीची एक गंमत असते. गाणाऱ्याचे नाव अजून कोणाला माहीत नसते. त्याला वाहवा द्यायची की नाही, हे शेजाऱ्याकडे बघून ठरवता येत नाही. मग माणसे आपल्या पदरचे बोलतात. वैद्य कफाचे बोलतो, तलाठी हद्दीचे बोलतो. हेच जोशी पुढे त्याच कंपनीत गेले आणि दुसऱ्यांची गाणी मुद्रित करण्याचे काम त्यांनी कितीतरी वर्षे केले. त्यांचे नाव मोठे झाल्यावर ही वही उघडली असती, तर सगळ्यांनी 'अप्रतिम' असेच लिहिले असते आणि आजोबांची तांबडी शाई सुकून गेली असती.

नऊ गुण त्या तबकडीच्या अभिप्रायांत एकदाच दिले आहेत. सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या एका ठाकराला. तो ओटीखाली अंगणातच बसून ऐकत होता. आजोबांनी त्याचे बोलणे आपल्या अक्षरात उतरवले आहे: 'शीळ दोन प्रकारची. एक गुरांसाठी, एक माणसासाठी. ही माणसासाठीची आहे, पण घालणारा रानातला नाही, गावातला आहे. रानातला माणूस शीळ घालून पुढे जातो, मागे वळून बघत नाही.' आणि त्याखाली आणखी एक वाक्य: 'अशी शीळ लहानपणी आक्काताईंना येत असे.'

एक गुण कशासाठी कापला, ते लिहिलेले नाही.

आक्का म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. मला ती आठवते ती साठीची: आलवणातली, ठेंगणी, भराभर चालणारी. पुढचे दोन दात पडलेले. घरातल्या कामांची वाटणी अशी होती, की जे कोणाच्याच वाट्याचे नाही ते आक्काचे. तिला कोणी वाईट वागवीत नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा कथांत नेहमी एखादी खाष्ट वहिनी असते, आमच्याकडे नव्हती. आजी आणि आक्का एका ताटात लोणचे चाखीत. पण एखाद्या गोष्टीवर आक्काचे मत काय, असे तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. खाण्यातल्या मिठाबद्दल सोडून.

वहीत तिचे नाव आहे. १९३३ च्या कोजागिरीच्या रात्री घरातल्या माणसांचे अभिप्राय घेतले, असे त्या पानावर दिसते. आजीने सांगितले आहे, 'चाल बरी आहे, पण कर्त्या मुली असलेल्या घरात लावू नये.' त्याला आजोबांनी गुण दिलेले नाहीत, शहाणपणाने. नव्या मामीचे 'छान' असे एकच बारीक अक्षर आहे, त्याला दहापैकी पाच. बिचारीने नंतर पुष्कळ दिवस मनाला लावून घेतले म्हणे. आणि त्याखाली आजोबांच्या हातचे 'चि. आक्का'. पुढे काही नाही. दोन ओळींची जागा सोडून मग खालची रेघ आखली आहे.

मी नऊ वर्षांची असताना, १९५८ च्या दिवाळीत, ही रिकामी जागा माझ्या प्रथम लक्षात आली. त्या दिवाळीला वहीला नवे दिवस आले होते, ते माझ्या वडिलांमुळे.

कर्जतला घाटाची इंजिने जोडतात हे मुंबई-पुण्याचा प्रवास केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. गाडी थांबते, मागून इंजिन लागते, तेवढ्यात वडा खाऊन होतो. त्या घाटात विजेची इंजिने १९३० च्या सुमारापासून धावू लागली होती आणि ती चालवणाऱ्यांत पुष्कळ अँग्लो-इंडियन ड्रायव्हर असत. स्वातंत्र्यानंतर एकेक करून ती कुटुंबे निघून गेली. असाच एक ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला जायला निघाला, तेव्हा त्याने घरातले सामान विकले आणि उरले ते वाटले. वडिलांच्या वाट्याला एक जड तबकडी आली. लढाईच्या काळात मुंबईत उतरलेल्या कोणा अमेरिकन सोल्जराकडून ती त्याला मिळाली होती. "हा गाणारा आपल्यातलाच," साहेब म्हणाला होता, "रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयानं गेला." वडिलांना गाण्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण रेल्वेचा माणूस म्हटल्यावर त्यांनी ती नाकारली नाही. पाडव्याला जावईबापूंनी सासऱ्यांना भेट म्हणून ती दिली.

गाणाऱ्याचे नाव जिमी रॉजर्स. त्याची हकिगत मी मोठेपणी वाचली. मिसिसिपीकडचा माणूस, १८९७ चा जन्म. मालगाड्यांवर ब्रेकमन. छातीच्या दुखण्याने ते काम सुटले, मग गिटार घेऊन गाऊ लागला. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा एक माणूस ब्रिस्टल नावाच्या डोंगराळ गावात टोप्यांच्या एका वखारीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र मांडून बसला आणि आसपासच्या गाणाऱ्यांना बोलावू लागला. रॉजर्सही आपल्या मेळ्यासह गेला. पण आदल्या रात्री मेळ्यात भांडण झाले आणि साथीदार त्याला सोडून गेले. ४ ऑगस्टला तो एकटाच यंत्रापुढे उभा राहिला आणि दोन गाणी म्हणाला: एका बाजूला अंगाई, दुसऱ्या बाजूला लढाईत गेलेल्या शिपायाच्या प्रेयसीचे गाणे. भांडण झाले नसते तर ही तबकडी त्याच्या एकट्याच्या नावावर निघालीच नसती. तिने काही फार मोठे घडले नाही. नाव झाले ते त्याच वर्षाअखेर मुद्रित केलेल्या पुढच्या गाण्याने. १९३३ च्या मे महिन्यात तो न्यूयॉर्कला वारला. अखेरच्या गाण्यांच्या वेळी उभे राहवत नव्हते म्हणून स्टुडिओत खाट टाकली होती. दोन गाण्यांच्या मध्ये तो तिच्यावर पडून राहत असे. आमच्या खालापूरच्या ओटीवर फोनो आला तेच हे वर्ष.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मला फार आवडते. त्याच्या तबकड्या पूर्व आफ्रिकेत केनियातल्या किप्सिगी लोकांपर्यंत पोचल्या. त्यांनी त्याच्या नावाचा उच्चार आपल्या जिभेवर 'चेमिरोचा' असा वळवला आणि त्याच्यावर गाणे केले. हा अर्धा माणूस आणि अर्धा हरिण असावा, असे त्यांचे मत पडले. ह्यू ट्रेसी नावाच्या संशोधकाने १९५० साली ते गाणे मुद्रितही केले. आमच्या वहीत हा अभिप्राय आला असता, तर आजोबांनी दहापैकी दहा दिले असते अशी माझी खात्री आहे.

पाडव्याच्या संध्याकाळी ती तबकडी लागली. इंग्रजी एकट्या मामांना येत होते आणि त्यांनाही ते इंग्रजी कळेना. गाणे संथ चालले होते. आणि मध्येच त्या माणसाचा आवाज एकदम छातीतून निसटला आणि उंच कुठेतरी जाऊन वर-खाली हिंदकळू लागला. शब्द नाहीत, नुसता गळा. ओटीवर क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळे एकदम हसले. हसून हसून मामांच्या डोळ्यांत पाणी आले. आजोबांनी वही खुंटीवरून काढली.

आजीने विचारले, 'हा रडतो आहे की गुळण्या करतो आहे?' वैद्यबुवा आता फार म्हातारे झाले होते. त्यांनी नाडी न बघता निदान केले, 'घशात नव्हे, छातीत आहे.' वडिलांनी अजून त्या माणसाचा क्षय कोणाला सांगितलेला नव्हता, म्हणून त्यांनी मान खाली घातली. वडिलांचा स्वतःचा अभिप्राय असा: 'घाट उतरताना ब्रेक लागतो आणि सुटतो तेव्हा गाडीचा आवाज असाच होतो.' गुण आठ. मामी चुलीपाशी होती, ती आतूनच म्हणाली, "अंगाई आहे ती. मूल झोपत नाहीये." शब्द एक कळला नव्हता तिला! आजोबांनी तिला नऊ दिले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाचांची भरपाई.

आजोबांनी स्वतःचेही लिहिले आहे, एरवी ते लिहीत नसत: 'या माणसाच्या आवाजाचा पाय घसरतो, आणि तो पडत नाही.'

आक्का त्या वेळी माजघराच्या दाराशी उभी होती. हसत नव्हती. तबकडी संपल्यावर ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दुपारी मी वही चाळत बसले होते आणि ते कोजागिरीचे पान सापडले, त्यावरची रिकामी जागा सापडली, आणि मागे जाऊन ठाकराचा अभिप्रायही सापडला. वही घेऊन मी गोठ्यात गेले. आक्का शेणी थापीत होती.

"आक्का, तुम्हाला शीळ येते?"

"कोण म्हणालं?"

मी वाचून दाखवले. ती हसली. "मेला इतकं लक्षात ठेवून होता," म्हणाली. मग शेणाचा हात भिंतीवर मारता मारता तिने सांगितले. गुराख्याच्या मागे ती माळावर जायची, तिथे ठाकरांच्या पोरांकडून शिकली. दोन बोटे घालून नव्हे, नुसत्या ओठांनी. पाताळगंगेच्या पलीकडच्या पोराला ऐकू जाई. सासरी चार महिने राहिली, तिथे नाही घातली. परत आल्यावर एकदा विहिरीवर घातली.

"मग?"

"मग दादा म्हणाला, बंद कर. लोक काय म्हणतील. मी केली."

दादा म्हणजे आजोबा. ते तेव्हा वीस वर्षांचे होते. तिच्या सांगण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. म्हैस कोणत्या साली घेतली हे सांगावे तसे तिने सांगितले. मी विचारले, "आणि त्या गाण्याबद्दल तुम्ही काहीच का नाही सांगितलंत? इथं जागा सोडलीय."

"कोणी विचारलं कुठं? दादानं नाव लिहिलं आणि माझ्याकडं बघितलंच नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "गातो चांगला तो. पण शीळ म्हणायची नसते गं. घालायची असते."

आमच्याकडे भाऊबिजेला आक्का आजोबांना ओवाळीत असे. विधवा बहिणीने ओवाळू नये असे म्हणणारी माणसे गावात होती. त्या एका बाबतीत आजोबांनी कोणाचे ऐकले नव्हते. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांना त्या एका दिवशी पडत नसे. पुढे मला वाटले, की पूर्वी एकदा तो फार लवकर पडला होता, म्हणूनच पडत नसावा. संध्याकाळी ओवाळणे झाले. आजोबांनी ताटात दरवर्षीप्रमाणे लुगड्याचे पैसे घातले. जेवणे झाली. ओटीवर पुन्हा फोनो निघाला आणि मुलांच्या हट्टाखातर ती ब्रेकमनची तबकडी पुन्हा लागली. आता कोणी हसले नाही. हसून झाले होते. तबकडी संपली, सुई खरखरत राहिली, मामांनी पेटी बंद केली.

तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला.

आधी कोणाला कळलेच नाही. मला वाटले, पाखरू आहे. पण कार्तिकातल्या रात्री कोणते पाखरू? मग तो आवाज वर चढला, फुटला, खाली आला आणि पुन्हा चढला. त्या अमेरिकन माणसाचा गळा जसा हिंदकळत होता तसाच, पण बारीक. पुढचे दात नसल्यामुळे मध्ये मध्ये नुसता वारा येई. ज्या जागी तो गाणारा वळण घेत होता, त्या जागी हिने घेतले नाही. सरळ पुढे गेली. आणि मग, थोडे थांबून, दुसरी चाल. ती घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची होती. पंचवीस वर्षे ओटीवर वाजलेली. ती तिने निम्मीच घातली आणि सोडून दिली.

आजी म्हणाली, "बाई, बाई!" आणि पदर तोंडाला लावला. मामींनी माझ्याकडे बघितले. वडील रेल्वेचे, शीळ वाजली की घड्याळ बघायची त्यांना सवय, त्यांनी नकळत बघितले. कोणी उठून मागे गेले नाही.

आजोबा लोडाला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण दुपारी गोठ्यात ऐकलेले माझ्या पोटात होते आणि आता ते रागावतील असे मला वाटत होते. ते रागावले नाहीत. बराच वेळ हललेच नाहीत. मागच्या अंगणात भांड्याचा आवाज झाला, विहिरीच्या रहाटाचा झाला, म्हणजे आक्का नेहमीच्या कामाला लागली होती. ती पुढे आली तेव्हा हातात पाण्याची घागर होती. "दूध विरजायचं राहिलं होतं," असे उगीचच म्हणाली आणि आत गेली.

रात्री माझी झोप चाळवली. ओटीवर कंदील होता. आजोबा वही पुढ्यात घेऊन बसले होते. दौत उघडी होती. मी अंथरुणातून बघत राहिले. ते लिहीत नव्हते, नुसता टाक हातात होता. मला पुन्हा झोप लागली.

सकाळी मी पहिल्यांदा वही काढली. पाडव्याच्या पानावर नवे काही नव्हते. मग कोजागिरीचे पान उघडले. 'चि. आक्का'च्या पुढे, पंचवीस वर्षे मोकळ्या राहिलेल्या जागेत, तांबड्या शाईत त्यांनी एकच शब्द लिहिला होता: 'ऐकले.'

खाली भाऊबिजेची तारीख आहे. गुण दिलेले नाहीत.